खिशाच्या कोपऱ्यावर उभी राहिलेली पेढी

प्रश्न असा आहे: कामगारांचे कपडे, म्हणजे बॉयलर सूट, जाड पँटी, अ‍ॅप्रन शिवायचा छोटा कारखाना आहे. लिवाय स्ट्रॉस, म्हणजे लिवाइज जीन्सवाल्या कंपनीचा इतिहास वाचायला घेतला की सगळीकडे सोन्याच्या खाणीची आणि तंबूच्या कापडाची एकच गोष्ट मिळते: सोन्याच्या मागे आलेल्या लिवायने तंबूच्या कापडाच्या पँटी खाणकामगारांना शिवून दिल्या. ती कितपत खरी? रिवेटचं, म्हणजे खिशाच्या कोपऱ्यावर ठोकलेल्या धातूच्या छोट्या खिळ्याचं, एवढं कौतुक कशासाठी? आणि त्या कंपनीच्या जुन्या पद्धतींतलं आज काय घ्यावं, काय सोडावं?

तंबूची गोष्ट आधी निकालात काढू, कारण तिच्यात अडकलं की पुढचं दिसत नाही. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं जानेवारी १८४८ मध्ये. लिवाय स्ट्रॉस सॅन फ्रान्सिस्कोला पोचला मार्च १८५३ मध्ये. आणि ज्या पँटीमुळे कंपनीचं नाव झालं तिचं पेटंट १८७३चं. मधली २० वर्षं हा गृहस्थ पँटी शोधून काढत नव्हता, घाऊक व्यापार करत होता. जन्म १८२९चा, बव्हेरियातल्या बुटेनहाइम गावचा. अठराव्या वर्षाच्या आसपास न्यूयॉर्कला आला, तिथे सावत्र भावांची कापडाची पेढी होती. त्या पेढीचा माल पश्चिम किनाऱ्यावर उतरवून घ्यायचा आणि खाणींच्या गावांतल्या दुकानदारांना पुरवायचा, हा धंदा. मेहुणा डेव्हिड स्टर्न सोबतीला. मालात कापडाची ठाणं, अंथरुणं-पांघरुणं, रुमाल, तयार कपडे असं सगळं. १८६६ मध्ये पेढी बॅटरी स्ट्रीटवरच्या मोठ्या जागेत गेली, म्हणजे तोवर ती चांगली स्थिरावली होती.

मग खोटी गोष्ट एवढी टिकली कशी? १८ एप्रिल १९०६च्या भूकंपात आणि नंतरच्या आगीत कंपनीची कचेरी, कारखाना आणि जुनं सगळं दप्तर जळून गेलं. कागद गेले की जाहिरातवाल्यांचं फावतं. आज जे खात्रीने सांगता येतं ते पेटंट कार्यालयातल्या नोंदी, कोर्टाचे कागद, जुनी वर्तमानपत्रं आणि पडक्या खाणींत सापडलेल्या पँटी यांवरून. तंबूचा धागा मात्र अगदी हवेतला नाही. तंबू शिवणारा माणूस या इतिहासात आहे, पण तो लिवाय नव्हे.

त्याचं नाव जेकब डेव्हिस. १८३१ साली रीगा शहरात जन्मलेला शिंपी, नेवाडातल्या रीनो या नव्या रेल्वेगावात दुकान टाकून बसलेला. तंबू, मालगाड्यांवरची आच्छादनं, घोड्याच्या झुली अशी जाडीभरडी शिलाई तो करायचा, आणि कापड घ्यायचा लिवाय स्ट्रॉसच्या पेढीकडून. १८७०च्या अखेरीस किंवा १८७१च्या सुरुवातीस एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याच्या पँटी टिकत नाहीत, मजबूत शिवून दे, असं सांगून तिने ३ डॉलर आगाऊ दिले. डेव्हिसने १० औंसाचं पांढुरकं डक कापड घेतलं. डक म्हणजे साध्या विणीचं, घट्ट, किलतानाच्या जातीचं कापड. शिवून झाल्यावर झुलींचे पट्टे पक्के करायला वापरायचे तांब्याचे रिवेट हाताशी पडलेले होते, ते त्याने खिशांच्या कोपऱ्यांत ठोकले. पुढच्या दीडएक वर्षात अशा सुमारे २०० पँटी विकल्या गेल्या.

डेव्हिसकडे कल्पना होती, पण भांडवल नव्हतं. पेटंटचा खर्च तेव्हा ६८ डॉलर. म्हणून जुलै १८७२ मध्ये त्याने आपल्या कापडाच्या व्यापाऱ्याला पत्र घातलं: खर्च तुम्ही करा, हक्क अर्धे-अर्धे. सोबत नमुन्याच्या पँटी. अर्ज पहिल्या फटक्यात मंजूर झाला नाही, दाव्याची भाषा आकसत न्यावी लागली. शेवटी २० मे १८७३ रोजी १,३९,१२१ क्रमांकाचं पेटंट मिळालं. ते पँटीचं नाही, डेनिमचंही नाही. खिशाच्या तोंडाची टोकं पक्की करण्याच्या सुधारणेचं आहे. एवढ्याशा दाव्यावर १७ वर्षांची मक्तेदारी मिळाली. डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि उत्पादनाची जबाबदारी त्याने घेतली. सुरुवातीला काम बायकांना घरी शिवायला दिलं जायचं. मागणी वाढल्यावर कारखाना उभा राहिला.

या भागीदारीत लिवायने काय घातलं हे कामाचे कपडे शिवणाऱ्याने नीट पाहावं. त्याच्याकडे गिरणीकडून ठाणं उचलायची पत होती, गोदाम होतं, आणि ज्या दुकानात खाणकामगार जातो त्या दुकानदारांशी वीस वर्षांची देवघेव होती. नवा माल त्याच गाड्यांतून, त्याच खात्यांवर गेला. डेव्हिसने हे एकट्याने करायचं म्हटलं असतं तर पेटंट मिळूनही तो रीनोतच राहिला असता, असं माझं मत आहे.

आता रिवेटचं काम. खिशात खिळे, पाना, दगडाचे तुकडे कोंबणारा माणूस प्रत्येक वेळी खिशाच्या तोंडावर ओढ देतो. तोंडाचा मधला भाग ताणला जातो आणि ओढ दोन्ही टोकांकडे ढकलतो. तिथे ती शेवटच्या एक-दोन टाक्यांवर येऊन बसते. तो टाका तुटला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. शिंप्याचा पहिला उपाय असतो तिथेच आणखी चार वेळा मशिन मारायचं. पातळ कापडात हे चालतं. जाड कापडात मात्र सुईच्या भोकांची रांग पडते आणि धागा शाबूत राहून कापडच पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रांगेवर फाटतं. त्यातून त्या काळी धागा सुताचा किंवा तागासारख्या लिननचा. घामाने आणि घासणीने तो कापडाच्या आधी जायचा.

रिवेट थरांना एकमेकांवर दाबून धरतो, त्यामुळे ओढ धाग्यातून न जाता थरांमधल्या घर्षणातून जाते. शिवाय ती एका भोकावर न येता चकतीच्या घेरावर पसरते. जुना रिवेट साधा होता: चपट्या डोक्याचा तांब्याचा खिळा एका बाजूने घालायचा, दुसऱ्या बाजूने त्यावर तांब्याची चकती सरकवायची, आणि वर आलेलं टोक ठोकून पसरवायचं. तांबं का? मऊ, थंड असतानाच ठोकून पसरतं, आणि घाम-पाण्याने लोखंडासारखं गंजून कापडाला डाग पाडत नाही, कुजवत नाही. हिरवट छटा येते, पण कापड शाबूत राहतं.

कापडाचा भाग यापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. सुरुवातीला दोन कापडं होती, डक आणि निळं डेनिम. डेनिम न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरच्या अमोस्केग गिरणीचं, ९ औंसाचं. डक हे साध्या विणीचं, ताणा-बाणा (उभे आणि आडवे धागे) एकेक वर-खाली. त्यामुळे ते ताठ राहतं आणि गुडघ्यात ठरावीक ठिकाणीच मुडपतं, मग त्या घडीवरच झिजतं. डेनिम ट्विल विणीचं. उभा धागा दोन-तीन आडव्या धाग्यांवरून जाऊन मग खाली जातो, म्हणून कापड धुण्यागणिक मऊ होतं आणि अंगाप्रमाणे वळतं. दिवसभर वाकून काम करणाऱ्याला फरक लगेच कळतो. कंपनीने १९११च्या सुमारास डकच्या पँटी बंद केल्या त्या उगाच नाही. डेट्रॉइटच्या हॅमिल्टन कारहार्टने १८८९ पासून रेल्वे कामगारांसाठी कपडे शिवायला घेतले, आणि त्याच्या कंपनीने पुढे तपकिरी डकवरच नाव कमावलं, हेही खरं. तिथे गरज वेगळी होती: थंडी, काटेरी तार, वरून घालायचे सैल कोट. कापड वाईट नसतं, काम चुकीचं निवडलेलं असतं.

निळीचंही तसंच. डेनिममध्ये फक्त ताणा रंगवतात, बाणा पांढराच. नीळ पाण्यात विरघळत नाही. हौदात तिचं रूप बदलून घ्यायचं, धागा बुडवायचा, बाहेर काढून हवा लागू द्यायची, की ती धाग्यावर पुन्हा निळी होऊन बसते. असं पुनःपुन्हा केलं तरी रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच कडं धरून राहतो. म्हणून घासलेल्या जागी पांढरं दिसतं. आज त्याची फॅशन आहे. कामगारांसाठी फायदा एवढाच होता की मळ आणि तेलाचे डाग निळ्यावर कमी उठून दिसत. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने कारखान्यात तयार केलेली नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालच्या निळीचा बाजार बसला, हा त्याच धाग्याचा आपल्याकडचा शेवट.

जुन्या मालाबद्दल वाचताना औंसाच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. आज वजन चौरस यार्डाला सांगतात: १ औंस म्हणजे जवळजवळ ३४ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), म्हणजे १० औंस ३४०, १४ औंस ४७५ जीएसएम. गिरण्यांच्या जुन्या हिशेबात ते कधी अरुंद पन्ह्याच्या लांबीच्या यार्डाला असे. जुनं '९ औंस' हातात घेतलं तर अपेक्षेपेक्षा जाड लागतं त्याचं एक कारण हे. पन्हा २८ ते ३० इंचांचा, कारण माग तेवढेच. अशा पन्ह्यात दोन्ही काठ पक्के विणलेले येतात. पायाची बाहेरची शिवण त्या काठावर घेतली की ओव्हरलॉक, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कड गुंफून घेणं, करावं लागत नाही. काठाची लाल रेघ आज चौपट किमतीला विकतात, पण मुळात ती कापडाच्या अरुंदपणातून निघालेली काटकसर होती. पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोच्या कोन गिरणीने अमोस्केगची जागा घेतली. १९२०च्या दशकात लाल काठाचं १० औंसाचं डेनिम तिथूनच येऊ लागलं. त्या गिरणीचा १९०५चा व्हाइट ओक कारखाना २०१७च्या अखेरीस बंद झाला.

पेटंट असताना कंपनीने नकला करणाऱ्यांवर खटले भरले. पण १७ वर्षं संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तयारी कशी केली ते पाहण्यासारखं आहे. १८८६ मध्ये कमरेवर चामड्याचा तुकडा आला: दोन घोडे पँट दोन बाजूंनी ओढताहेत, ती फाटत नाही. ज्या गिऱ्हाइकाला वाचता येत नाही किंवा इंग्रजी येत नाही, त्याने दुकानात जाऊन 'दोन घोड्यांची द्या' म्हणावं, एवढा तो सरळ हिशेब. १८९० मध्ये पेटंट संपलं, रिवेट सगळ्यांना मोकळा झाला. त्याच सुमारास मालाला क्रमांक दिले गेले आणि सगळ्यात चांगल्या कापडाच्या पँटीला ५०१ हा आकडा मिळाला. थोडी स्वस्त तीच पँट २०१. आकड्यांमागे हे एवढंच आहे, गोदामातला लॉट नंबर.

याच काळातली एक काळी बाजू गोड करून सांगण्यात अर्थ नाही. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला, कॅलिफोर्नियात चिनी कारागिरांविरुद्ध वातावरण पेटलं होतं. कंपनीनेही आपला माल गोऱ्या मजुरांनी बनवलेला असल्याचं मालावर छापलं. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत लिलावात विकल्या गेलेल्या, पडक्या खाणीत सापडलेल्या १८८०च्या दशकातल्या पँटीच्या खिशाच्या अस्तरावर ते अजून वाचता येतं. पुढे कंपनीने ते धोरण सोडलं.

लिवाय १९०२ मध्ये गेला. लग्न केलेलं नव्हतं, धंदा चार भाच्यांकडे गेला. १९०६ मध्ये सगळं जळल्यावर त्यांनी कामगारांचे पगार चालू ठेवले आणि ज्या दुकानदारांचं नुकसान झालं त्यांना उधारी वाढवून दिली. पेढीचं भांडवल काय होतं ते यात दिसतं. त्याच वर्षी व्हॅलेन्सिया स्ट्रीटवर नवा कारखाना उघडला. डेव्हिस १९०८ मध्ये वारला.

पँटीतले बदल आता तारखांनी सांगतो, कारण कामाचा कपडा कसा सुधारत जातो याचं इतकं स्वच्छ उदाहरण मिळत नाही. मूळ पँटीला मागे एकच खिसा, पुढे दोन आणि घड्याळाचा छोटा. कंबर बसवायला मागे पट्टी-बकल, आणि गॅलिस (पँट धरणारे खांद्यावरचे पट्टे) अडकवायला बटणं. मागचा दुसरा खिसा १९०१ मध्ये आला. कमरेचा पट्टा वापरणारे वाढले तसे १९२२ मध्ये तो ओवायचे लूप आले. गॅलिसची बटणं मात्र १९३७ पर्यंत राहिली, म्हणजे १५ वर्षं दोन्ही सोयी एकत्र. जुनं गिऱ्हाईक तोडायचं नाही, असा तो सावधपणा. १९३६ मध्ये मागच्या खिशाला लाल फीत लागली. कारण तोवर सगळेच रिवेट मारत होते, दुरून ओळखू येईल असं काहीतरी हवं होतं.

मागच्या खिशांच्या रिवेटची गंमत वेगळी आहे. ते खोगिरांवर आणि शाळेच्या बाकांवर चरे पाडत. तक्रारी आल्या म्हणून १९३७ मध्ये खिसा असा शिवला की रिवेट आत झाकला जाईल. उपाय हुशारीचा, पण कापडाखाली कठीण उंचवटा राहिला. बसलं की सगळी घासणी त्या उंचवट्यावर. वरचं कापड झिजून रिवेट पुन्हा बाहेर डोकावू लागला. शेवटी १९६०च्या दशकाच्या मध्यावर मागच्या खिशांचे रिवेट काढून तिथे बारटॅक, म्हणजे मशिनने एकाच जागी घातलेल्या दाट टाक्यांची छोटी पट्टी, आला. म्हणजे ज्या मशिनने रिवेटची गरज कमी केली ते येईपर्यंत तोडगे चालू होते. आपल्याकडेही खिशाखाली जाड अस्तराचा तुकडा लपवून शिवतात तेव्हा हाच घोळ होतो, तुकड्याच्या कडेवर वरचं कापड कातरतं.

आसनातला, म्हणजे पुढच्या चिरेच्या तळाचा रिवेट दुसऱ्या महायुद्धात गेला. सरकारने धातू, कापड, धागा वाचवायला सांगितलं तेव्हा तो रिवेट, घड्याळाच्या खिशाचे रिवेट आणि मागची पट्टी-बकल निघाली. मागच्या खिशावरची दुहेरी कमान ही शोभेची शिलाई, धागा खाणारी. ती शिवण्याऐवजी रंगाने छापली गेली. शेकोटीजवळ बसल्यावर आसनाचा रिवेट तापून भाजायचा अशी कहाणी सांगतात. कहाणी पटो न पटो, धातू उष्णता धरतो हे खरं आहे, आणि तुमच्या कामात त्याला महत्त्व आहे. त्याकडे खाली येतो.

यापुढचा कंपनीचा इतिहास कापडापेक्षा शेअर बाजाराचा आहे, तो भराभर. महायुद्धानंतर घाऊक कापडाचा जुना धंदा बंद करून कंपनी पूर्णपणे उत्पादनात आली. तोवर जवळजवळ शंभर वर्षं ती मुख्यतः व्यापारी पेढीच होती. कारभार भाच्याच्या जावयाकडे, वॉल्टर हासकडे, आणि त्याच्या घराण्याकडे राहिला. १९७१ मध्ये शेअर बाजारात, १९८५ मध्ये कुटुंबाने पुन्हा विकत घेऊन खासगी, २०१९ मध्ये पुन्हा बाजारात. १९९६ मध्ये विक्री ७.१ अब्ज डॉलरवर पोचली आणि तिथून घसरली. अमेरिकेतले स्वतःचे कारखाने एकेक बंद झाले, व्हॅलेन्सिया स्ट्रीटचा २००२ मध्ये. १९९१ मध्ये कंपनीने पुरवठादारांसाठी मजुरीचे तास, वय, सुरक्षितता यांचे लेखी नियम केले. निर्यात करणाऱ्या आपल्या कारखान्यांत आज गिऱ्हाइकाचा माणूस येऊन हजेरीपट तपासतो, त्या प्रथेची सुरुवात करणाऱ्यांत ही कंपनी होती. २०१० मध्ये तिने वाळूच्या फवाऱ्याने कापड घासणं बंद करायचं ठरवलं. तो फवारा मारणाऱ्याच्या फुप्फुसात सिलिका जाते. कामगाराच्या पँटीला जुनेपणा आणताना दुसरा कामगार मरतो, असं ते काम होतं.

आता तुमच्या कारखान्याचं.

रिवेट घ्यायचा की नाही ते काम पाहून ठरवा. वेल्डिंगवाल्याला नको: ठिणगी आणि आच यांनी तापतो आणि आतून कातडीला टेकतो. विजेच्या कामावर नको, उघडा धातू अंगावर नकोच. गाडीच्या बॉडीवर, रंगकामावर वाकणाऱ्याला नको, चरे पडतात. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात निसटून मालात पडण्याची भीती. बांधकाम, शेती, गोदाम, हमाली इथे घ्या, तोही पुढच्या खिशांनाच.

बाकी सगळीकडे बारटॅक. जाड कापडाला ४२ टाक्यांचा कार्यक्रम लावा, २८चा लूपना पुरतो. लांबी १० मिलिमीटरच्या आसपास. मोठी चूक टाक्यांच्या संख्येत होत नाही, जागेत होते. बारटॅक खिशाच्या तोंडाच्या अगदी टोकावर, निम्मा आतल्या दुमडलेल्या मायेवर (शिवणीसाठी जादा सोडलेल्या कापडावर) आणि निम्मा पुढच्या पट्ट्यावर बसला पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर बाहेर गेला तर तो एकाच थरावर पडतो आणि तिथेच कापड उसवायला सुरुवात होते. पट्ट्याच्या आतून त्याच कापडाचा एक तुकडा, निदान २ सेंटिमीटर रुंद, कोपऱ्याखाली घ्या; त्याच्या कडा कातरलेल्या सोडा, दुमडू नका, म्हणजे वर सांगितलेला उंचवटा होत नाही.

रिवेट लावत असाल तर आजचा रिवेट दोन भागांचा, खिळा आणि त्यावर बसणारी टोपी; त्यात खिळ्याची लांबी हाच सगळा खेळ. १२ औंसाचं डेनिम दाबल्यावर एका थराला साधारण पाऊण मिलिमीटर धरा. खिशाच्या कोपऱ्यात चार ते सहा थर, म्हणजे ३ ते साडेचार मिलिमीटर. लांब खिळा टोपीत मावत नाही, आडवा वळतो, टोपी तिरकी बसते आणि तिची कड धुलाईत कापड कापते. आखूड खिळा टोपीत पसरतच नाही. दिसायला ठीक, चौथ्या-पाचव्या धुलाईला टपकन पडतो. खात्री करायची असेल तर एक रिवेट करवतीने उभा चिरून बघा: खिळ्याचं टोक टोपीच्या आत पसरून बसलेलं दिसलं पाहिजे. डाव्या आणि उजव्या खिशाचे थर सारखे आहेत ना तेही मोजा. घड्याळाचा खिसा ज्या बाजूला आहे तिथे दोन थर जास्त येतात आणि दोन्हीकडे एकच खिळा वापरला की एकाच बाजूच्या तक्रारी येत राहतात. याचं कारण शोधायला लोक मशिन उघडतात.

रिवेट शिलाईच्या रेषेवर ठोकू नका. खिळा धागा कापतो आणि शिवण तिथूनच सुटते. कडेपासूनही निदान ४-५ मिलिमीटर आत. स्वस्त टोप्या लोखंडाच्या, वर तांब्याचा मुलामा. ब्लीच किंवा कडक सोड्याच्या धुलाईत मुलामा उडतो आणि गंजाचा डाग पडतो. अ‍ॅल्युमिनियमचा खिळा तर सोड्याने खाल्लाच जातो. खात्रीचं पितळ किंवा तांबं घ्या. कपडा आधी धुऊन देणार असाल तर रिवेट धुलाईनंतर लावा.

शिवणी. पायाची आतली शिवण, आसन आणि योक (मागची कमरेखालची पट्टी) या तीन ठिकाणी दोन्ही बाजूंच्या माया एकमेकांत अडकवून दुहेरी किंवा तिहेरी टाक्याने शिवायच्या. ओव्हरलॉक करून वर एक टीप मारलेली पँट उकिडवं बसणाऱ्याच्या अंगावर फाटते, आणि आपल्याकडे वेल्डर, फिटर, गवंडी दिवसाचे निम्मे तास उकिडवेच असतात. अमेरिकन पॅटर्न जसाच्या तसा घेतला की इथे मार खातो, तो माणूस उभा राहून किंवा घोड्यावर काम करणारा होता. आसन खोल करा किंवा चौकोनी कळी घाला. साखळी टाका ताणला जातो म्हणून या शिवणींना तो बरा, पण एक टोक सुटलं की सगळा उसवतो. शेवटी बारटॅक हवाच. टाके इंचाला ७ ते ९. जास्त घातले की मजबुती वाढत नाही, वर सांगितलेली भोकांची रांग वाढते.

धागा पॉलिएस्टर गाभ्याचा, वर सूत गुंडाळलेला, जाडी टेक्स या मापात ८० ते १०५. आतला गाभा ओढ सोसतो, बाहेरचं सूत सुईची उष्णता. आगीजवळच्या कामासाठी मात्र हा धागा नाही. पॉलिएस्टर वितळलं की कापड शाबूत आणि शिवण मोकळी, अशी अवस्था होते. तिथे ज्वालारोधक कापडाबरोबर अरामिड, म्हणजे आचेने न वितळणारा धागाच लागतो, आणि तो महाग आहे म्हणून फक्त आसनात वापरणं ही फसवणूक आहे.

आणि कापड आटण्याचा प्रश्न. ५०१चं जुनं कापड आटवून न घेतलेलं असे, म्हणून गिऱ्हाइकाला कमरेत आणि लांबीत मोठा आकार घ्यायला सांगत. लांबीत ३ इंचांपर्यंत फरक पडे. आटवून घेण्याची सॅनफर्ड क्लुएटची पद्धत १९३०च्या आसपास आली, तरी कंपनीने मूळ माल तसाच चालू ठेवला. फॅशनच्या गिऱ्हाइकाला त्यात मजा वाटते. ठेकेदाराने ३०० कामगारांसाठी घेतलेले कपडे पहिल्या धुलाईत घोट्याच्या वर गेले तर मात्र बिल अडकतं. प्रत्येक ठाणातून अर्धा मीटर चौरस तुकडा कापा, आत ४० सेंटिमीटरच्या खुणा करा, तीन वेळा धुऊन वाळवा, ताणा-बाणा दोन्ही दिशांना मोजा. ३ टक्क्यांच्या आत असेल तर पॅटर्नमध्ये तेवढी वाढ द्या. जास्त असेल तर ठाण परत करा. त्याच तुकड्यावर चौकोन तिरका झाला का तेही बघा. ट्विल विणीला पीळ असतो, तो सुटला की पायाची बाहेरची शिवण फिरून पुढे गुडघ्यावर येते आणि नेमकी तिथेच झिजते. पूर्ण आकाराचा एक पाय शिवून, धुऊन, टेबलावर सपाट पसरला की शिवण किती सरकली ते पट्टीने मोजता येतं. लांबीच्या मानाने दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त सरकली असेल तर कटिंग टेबलावर थर लावण्याआधी ठाण बदलून घ्या.